जपानी साम्राज्यकाळातली पदकं आणि सनदा: खरेदीआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

जुन्या जपानी पदकांच्या खरेदीत फसगत होते ती बहुतेक वेळा नकली मालामुळे नाही. पदक खरं असतं, सनद खरी असते, लाखेचा डबाही त्याच काळातला असतो. फक्त तिघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. विक्रेत्याने तीन ठिकाणांहून तीन वस्तू उचलून 'पूर्ण संच' लावलेला असतो आणि आपण तिघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून मोकळे होतो.

असं का होतं ते समजून घ्या. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश पदक मराठा पलटणीतल्या एखाद्या शिपायाचं असेल, तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. आपल्याकडच्या संग्राहकांचे डोळे याला सरावलेले. जपानी सन्मानचिन्हांवर आणि युद्धपदकांवर मात्र मानकऱ्याचं नाव नसतं. अपवाद 'होशो' या, चांगल्या नागरी कामांबद्दलच्या पदकांचा, त्यांच्या मागच्या बाजूला नाव कोरतात. बाकी सगळीकडे माणूस भेटतो तो फक्त कागदावर. म्हणून आधी कागद, मग पदक, मग फीत आणि डबा, मग या सगळ्यांचा मेळ, आणि पैशाची गोष्ट सर्वांत शेवटी. नवखे लोक नेमकं उलट्या बाजूने सुरू करतात.

## पूर्वतयारी

क्षेत्र अरुंद ठेवा. 'जपानी पदकं' हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही. रशिया-जपान युद्ध (१९०४-०५), किंवा फक्त आठव्या-सातव्या दर्जाची सन्मानचिन्हं, किंवा फक्त स्मारकपदकं, असं एक काहीतरी धरा. रशिया-जपान युद्ध सुरुवातीला बरं, कारण माल भरपूर आहे, त्यामुळे तुलना करायला नमुने मिळतात आणि चूक झाली तरी खिसा रिकामा होत नाही.

हत्यारं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, पट्टी, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि बाजूने प्रकाश पाडता येईल असा एक साधा दिवा. सुती हातमोजे पदकांसाठी ठीक, पण कागद हाताळताना हात स्वच्छ धुऊन कोरडे करा आणि मोजे काढा. मोज्यांत बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि घडीवर तो फाटतो.

आकडे शिका. भाषा येत नसली तरी चालेल, पण एक ते दहा हे जपानी आकडे यायलाच हवेत. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह. आठ म्हणजे वर फट ठेवून दोन्हीकडे उतरलेल्या दोन तिरक्या रेघा. उरलेले पाच तक्ता समोर ठेवून संध्याकाळभरात पाठ होतात. 'एकोणचाळीस' लिहिताना तीन, दहा, नऊ असं एकाखाली एक येतं. फक्त एक लक्षात ठेवा: नव्या सम्राटाच्या काळाचं पहिलं वर्ष 'एक' असं लिहीत नाहीत, त्याला 'गान्नेन' म्हणतात आणि त्याची खूण वेगळी असते.

वर्षांचं गणित. मेइजी, ताइशो, शोवा ही सम्राटांच्या काळांची नावं. मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशो वर्षात १९११, शोवा वर्षात १९२५. आलेलं उत्तर इसवी सन. याशिवाय साम्राज्यकाळातल्या सनदांवर जपानचा पौराणिक पहिला सम्राट जिम्मू याच्या राज्यारोहणापासून मोजलेलं वर्षही येतं. त्यातून ६६० वजा केले की इसवी सन मिळतो. हे दुहेरी मोजमाप पुढे फार उपयोगी पडणार आहे.

## टप्पा १: समोर आहे ते नेमकं काय, ते ठरवा

विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नका. बाजारात येणारा माल ढोबळमानाने चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकासोबतचा कागद वेगळा.

पहिला प्रकार 'कुन्शो', म्हणजे दर्जा असलेली सन्मानचिन्हं. यात क्योकुजित्सु-शो (ऑर्डर ऑफ द रायझिंग सन, १८७५), झुइहो-शो (ऑर्डर ऑफ द सेक्रेड ट्रेझर, १८८८) आणि फक्त लष्करी पराक्रमासाठीचं किन्शी कुन्शो (ऑर्डर ऑफ द गोल्डन काइट, १८९०) ही तीन नेहमी भेटतात. पहिल्या दोहोंचे तेव्हा आठ दर्जे होते, तिसऱ्याचे सात. किन्शी कुन्शो १९४७ मध्ये बंदच झालं. कुन्शोसोबतच्या सनदेला 'कुन्की' म्हणतात.

दुसरा प्रकार 'किशो' आणि स्मारकपदकं: युद्धात भाग घेतल्याबद्दल, राज्यारोहण सोहळ्याबद्दल, १९२० च्या पहिल्या जनगणनेच्या कामाबद्दल वगैरे. यांना दर्जा नसतो. सोबत असतं ते प्रमाणपत्र, युद्धपदकाच्या बाबतीत 'जूगुन किशो नो शो'.

तिसरा प्रकार वर आलेलं होशो. चौथा म्हणजे जपानी रेड क्रॉसची पदकं. ती दिसायला देखणी आणि संख्येने अमाप आहेत, आणि 'इम्पीरियल ऑर्डर' या मथळ्याखाली नवख्यांच्या गळ्यात सर्वांत जास्त हीच पडतात. ती संस्थेची पदकं आहेत, त्यांच्या कागदावर संस्थेचा शिक्का असतो. संग्रहात ठेवायला काहीच हरकत नाही, पण किंमत त्या हिशोबाने द्या.

सावधान. क्योकुजित्सु-शोच्या सातव्या आणि आठव्या दर्जाच्या चिन्हावर सूर्य नसतोच. किरी (पाउलोनिया) या झाडाची तीन पानं आणि फुलं एवढाच त्याचा आकार: सातव्यावर मीनाकाम, आठवं साधं चांदीचं. सूर्य दिसत नाही म्हणून काहीजण ते नकली समजून सोडून देतात. उलट काही विक्रेते त्यालाच 'ऑर्डर ऑफ द पाउलोनिया' म्हणून विकतात. त्या नावाचं खरं सन्मानचिन्ह फार वरच्या पायरीचं आहे, ते आठवड्याच्या लिलावात असं सहज येत नाही.

## टप्पा २: सनद वाचा

मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे. कागद उलटा धरून फोटो काढणारे विक्रेतेही सापडतात, तेव्हा आधी दिशा पक्की करा.

साम्राज्यकाळातल्या कुन्कीचा सांगाडा असा: उजवीकडे दैवी कृपेचा आणि अखंड राजवंशाचा उल्लेख असलेलं सम्राटाचं बिरूद, मग मानकऱ्याचा हुद्दा आणि नाव, कोणत्या दर्जात घेतलं आणि कोणतं चिन्ह दिलं, मग जिम्मू संवत्सरातलं वर्ष आणि लगेच सम्राटाच्या काळातली तारीख, टोकियोच्या राजवाड्यात शिक्का उमटवल्याचं वाक्य, आणि डावीकडे 'शोकुन्क्योकु' या सन्मान विभागाच्या अध्यक्षाचं नाव, नोंदवहीतला क्रमांक आणि नोंद करणारा अधिकारी.

आता एक उदाहरण जवळून पाहू. रशिया-जपान युद्धाबद्दलच्या कुन्कींवर सर्वांत जास्त दिसणारी तारीख मेइजी ३९, चौथा महिना, पहिला दिवस. ३९ अधिक १८६७ म्हणजे १९०६. त्याच्या अलीकडच्या ओळीत जिम्मू वर्ष २५६६ असायला हवं. ६६० वजा केले की पुन्हा १९०६. दोन्ही जुळले तर पुढे जा. एकात २५६५ आणि दुसऱ्यात मेइजी ३९ असेल तर कागद बाजूला ठेवा. नक्कल करणाऱ्याने दोन वेगळ्या सनदांचे तुकडे जोडले की नेमकं हेच बिघडतं. अशा ठरलेल्या सामुदायिक तारखा पुढच्या युद्धांतही आहेत: मंचुरियातल्या मोहिमेसाठी शोवा ९ ची २९ एप्रिल, चीनमधल्या युद्धासाठी शोवा १५ ची २९ एप्रिल. एकाच तारखेच्या हजारो सनदा दिसल्या म्हणून दचकू नका.

हुद्दाही वाचा. १९३१ पर्यंत सामान्य शिपायाच्या हुद्द्याच्या शेवटी 'सोत्सु' लिहीत, त्यानंतर 'हेइ'. मेइजी काळातल्या सनदेवर पहिल्या श्रेणीच्या शिपायाला 'इत्तो-हेइ' म्हटलं असेल तर तो कागद त्या काळातला नाही.

तपासा: हा कागद खरंच साम्राज्यकाळातला आहे का? ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून जरा थांबून बघा. १९६४ पासून जपान सरकारने दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांना मरणोत्तर सन्मान द्यायला सुरुवात केली. त्या सातव्या-आठव्या दर्जाच्या सनदा आणि चिन्हं आज बाजारात ढिगाने येतात, आणि 'दुसऱ्या महायुद्धातली सनद' म्हणून खपतात. माणूस त्या युद्धातला, कागद शोवा ४० च्या आसपासचा. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. युद्धानंतरच्या सनदेत जिम्मू वर्ष नसतं. मजकूर गोलसर हिरागाना अक्षरांत असतो, तर साम्राज्यकाळात टोकदार काताकाना असे. डावीकडे पंतप्रधानाचं नाव असतं आणि विभागप्रमुखाचं पदनाम 'अध्यक्ष' नसून 'संचालक' या अर्थाचं असतं. शोवा ४१ वाचून कोणी '१९४१' समजत असेल तर त्याला १९२५ मिळवायला सांगा.

## टप्पा ३: शिक्का, शाई, कागद

कुन्कीवरचा मोठा चौकोनी लाल शिक्का हा राजमुद्रेचा. मूळ मुद्रा सोन्याची आहे, १८७४ मध्ये घडवलेली, बाजू सुमारे ९ सेंटिमीटर. पट्टी लावून मोजा. विक्रेत्याने कागदाचं माप दिलं असेल तर फोटोवरूनही प्रमाण काढता येतं. शिक्का ८ किंवा १० सेंटिमीटरचा भरला तर तो छापलेला आहे. खऱ्या ठशात लाल रंग सगळीकडे सारखा नसतो: कुठे दाट, कुठे विरळ, आणि भिंगाखाली तो कागदाच्या तंतूंवर बसलेला दिसतो. छपाईत भिंगाखाली ठिपके दिसतात. आणि हो, हीच मुद्रा आजही वापरात आहे, त्यामुळे शिक्का खरा असणं एवढ्यावरून कागद जुना ठरत नाही.

युद्धपदकाच्या प्रमाणपत्रावर मात्र राजमुद्रा नसते, सन्मान विभागाचा लहान शिक्का असतो. 'राजमुद्रा नाही म्हणजे खोटं' असं म्हणून चांगली प्रमाणपत्रं सोडून देणारे लोक आहेत. प्रमाणपत्रात छापलेली तारीख पदक सुरू करणाऱ्या राजाज्ञेची असते, हेही ध्यानात असू द्या. रशिया-जपान युद्धपदकासाठी ती १९०६ मधली ३१ मार्च. त्यावरून त्या शिपायाला पदक कधी मिळालं हे कळत नाही, आणि तो कुठे लढला हे तर नाहीच.

सामुदायिक सनदांचा मजकूर छापील आणि नाव कुंचल्याने लिहिलेलं. बाजूने दिवा पाडला की दोन्हींतला फरक उघड दिसतो. नावाच्या जागी कागद खरवडलेला वाटला, तंतू उभे राहिले असतील किंवा पाठीमागून प्रकाश जास्त येत असेल, तर कोणीतरी नाव बदललंय. मग टॉर्च लावा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद-कापडात पांढरेपणा वाढवणारी रसायनं सर्रास आली. ती अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. १९०६ चा कागद तसा चमकला तर प्रश्न मिटला.

विभागाच्या अध्यक्षाचं नावही कालखंड सांगतं. रशिया-जपान युद्धाच्या कागदांवर ओग्यू युझुरु, १९२८ च्या राज्यारोहण पदकाच्या प्रमाणपत्रावर आमाओका नाओयोशी, मंचुरियाच्या मोहिमेच्या कागदांवर शिमोजो यासुमारो. या आमाओकांना पुढच्याच वर्षी सन्मान विकल्याच्या प्रकरणात अटक झाली. त्यामुळे त्यांच्या नावाचे कागद खोटे ठरत नाहीत, पण विक्रेते तो किस्सा सांगून भाव चढवतात. चढवू देऊ नका.

नाव पडताळायचं असेल तर दोन ठिकाणं आहेत. जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिजिटल संग्रहात सन्मानांच्या मंजुरीचे दस्तऐवज आहेत, आणि १८८३ पासूनचं सरकारी राजपत्र 'कान्पो' राष्ट्रीय डायट ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात बघता येतं. अधिकारी आणि वरचे दर्जे सापडण्याची शक्यता बरी असते. सामान्य शिपाई सापडला नाही तर एवढ्यावरून सनद खोटी मानू नका.

## टप्पा ४: आता पदक

आधी नाणं-पद्धतीने बघा. बहुतेक युद्धपदकं ३० मिलिमीटर व्यासाची, ठशाने ठोकलेली. भिंगाखाली अक्षरांच्या कडा धारदार आणि पार्श्वभूमी गुळगुळीत हवी. बारीक खड्डे, बुडबुड्यांसारखे उंचवटे, कडेवर कानसीच्या खुणा दिसल्या तर ते साच्यात ओतलेलं आहे.

दिशा. युद्धाआधी आडवा मजकूरही उजवीकडून डावीकडे लिहीत. युद्धपदकाच्या वरच्या पट्टीवर 'जूगुन किशो' ही चार अक्षरं असतात. ती उजवीकडून वाचली तर अर्थ लागायला हवा. डावीकडून सरळ वाचता आली तर मालाची घडण अलीकडची.

मागची बाजू वाचा, पुढच्यावर जाऊ नका. पहिल्या महायुद्धाची दोन जपानी युद्धपदकं पुढून सारखीच आहेत आणि फीतही सारखी. फरक मागच्या मजकुरात: एकावर ताइशो ३-४, दुसऱ्यावर ताइशो ३ ते ९. प्रमाणपत्र एकाचं आणि पदक दुसऱ्याचं, अशी जोडी किती वेळा विकायला येते ते बघितलं की हसावं की रडावं कळत नाही. बाकी ओळख पुढूनही पटते: चीनमधल्या बॉक्सर बंडाविरुद्धच्या १९०० च्या मोहिमेच्या पदकावर फिनिक्स पक्षी, १९३१-३४ च्या पदकावर घार, आणि चीन युद्धाच्या पदकावर एकमेकांना छेदणाऱ्या ध्वजांवर बसलेला 'यातागारासु' हा पौराणिक कावळा.

कुन्शोचा दर्जा धातूवरून ओळखा. क्योकुजित्सु-शोच्या चौथ्या ते सहाव्या दर्जाचं चिन्ह आठ टोकांचं असतं. चौथ्यात आठही टोकं सोनेरी, पाचव्यात चार सोनेरी आणि चार रुपेरी, सहाव्यात सगळी रुपेरी. चौथ्याच्या फितीवर कापडी फूल (रोझेट) असतं, पाचव्याच्या नाही. ते फूल शिवून घेणं दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून ते बघून दर्जा ठरवू नका, टोकं मोजा. झुइहो-शोत सातवा आणि आठवा दोन्ही मीनाकामाशिवाय, पण सातव्याचे काही भाग सोन्याचा मुलामा दिलेले. आठव्यावर मुलामा चढवून सातवा करण्याचा उद्योग चालतो. मुलामा खाचांतही सारखाच चकचकीत दिसला आणि उंचवट्यावर कुठेच झिजलेला नसेल तर शंका घ्या. क्योकुजित्सु-शोच्या किरीपानांच्या मागे आणि झुइहो-शोच्या चिन्हाच्या मागे 'कुन्को सेइशो' ही चार अक्षरं असतात. ती बोथट, भरलेली किंवा वाकडी असतील तर तिथेच थांबा.

मीनाकाम. मधल्या लाल सूर्याला खोली हवी, प्रकाश आत जाऊन परत यायला हवा. रंगवलेला भाग सपाट आणि मेणचट दिसतो. दुरुस्ती टॉर्चखाली बहुधा वेगळी चमकते. सुई टोचून बघायचा सल्ला काहीजण देतात. पदक तुमचं नसताना ते करू नका आणि तुमचं असेल तर मुळीच करू नका.

सावधान. १९४४ मध्ये जाहीर झालेलं महान पूर्व आशिया युद्धपदक प्रत्यक्षात वाटलंच गेलं नाही, आणि पडून राहिलेला बहुतेक माल युद्धानंतर वितळवला गेला. आज दिसणारे जवळपास सगळे नमुने प्रतिकृती आहेत. सनदेसकट मिळतंय असं कोणी म्हणालं तर पुढचा प्रश्नही विचारू नका.

## टप्पा ५: फीत आणि डबा

यावर फार वेळ घालवू नका. फीत रेशमी, सुमारे ३६-३७ मिलिमीटर रुंद. ती बदललेली असणं हा गुन्हा नाही, जुनं रेशीम तुटतंच. फक्त ती बदललेली आहे हे किमतीत दिसलं पाहिजे. झुइहो-शोची फीत २००३ च्या सुधारणेत बदलली. आधी फिकट निळ्यावर पिवळ्या रेघा होत्या, आता गडद निळ्यावर आहेत. जुन्या चिन्हावर गडद फीत म्हणजे नंतरची जोड.

कुन्शोच्या लाखेच्या डब्याच्या झाकणावर दर्जा आणि चिन्हाचं नाव लिहिलेलं असतं. दर्जाचा आकडा वाचा आणि आतल्या चिन्हाशी ताडून बघा. मग चिन्ह खाचेत ठेवा. ते सहज बसायला हवं, हलायला नको आणि दाबायलाही लागायला नको. आतल्या कापडावर वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेला दाब दिसतो. त्या खुणेचा आकार आणि चिन्हाचा आकार वेगळा असेल तर डबा दुसऱ्याचा.

## टप्पा ६: मेळ

तिन्ही वस्तू स्वतंत्रपणे खऱ्या ठरल्या, आता त्या एकत्र होत्या का? पदकावर नाव नाही, त्यामुळे सनद आणि पदक जुळतात एवढं दाखवता येतं. हे पदक याच माणसाच्या छातीवर होतं हे बहुतेक वेळा सिद्ध होत नाही. ज्याला हे पटत नाही त्याने या छंदात पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरावा म्हणून जे धरता येतं ते असं: एकाच नावाचे अनेक कागद एकत्र मिळणं. कुन्की, युद्धपदकाचं प्रमाणपत्र, रेड क्रॉसचं सदस्यपत्र, किन्शी कुन्शो असेल तर त्याच्या वार्षिक मानधनाचा कागद, आणि सर्वांत मोलाचं म्हणजे शिपायाची सेवापुस्तिका, 'गुन्ताई तेचो'. तिच्यात भरती, मोहिमा आणि मिळालेले सन्मान यांच्या नोंदी असतात. सेवापुस्तिकेसकट आलेला गठ्ठा दिसायला गबाळा असला तरी चकचकीत संचापेक्षा तो घ्या.

जपानी लिलावांत 'उबुदाशी' हा शब्द वारंवार दिसेल: जुन्या घराच्या कोठारातून थेट बाहेर आलेला माल. तो विक्रेत्याचा दावा आहे, पुरावा नाही. त्याच विक्रेत्याच्या इतर वस्तू बघा. एकाच आठवड्यात त्याच्याकडे वीस घरांची कोठारं उघडली असतील तर काय ते समजा.

माझा सल्ला असा की सुरुवातीला सुट्या सनदा घ्या. त्या स्वस्त मिळतात, वाचायचा सराव होतो, आणि पुढे त्या प्रकारचं पदक स्वतः शोधून सोबत ठेवता येतं. मात्र नोंदीत 'पदक नंतर जोडलेलं' असं लिहून ठेवा.

## टप्पा ७: पैसे देण्याआधी

विक्रेत्याला हे विचारा: सनदेचा सरळ वरून घेतलेला, पूर्ण कागद दिसणारा फोटो, शिक्क्याचा पट्टीसह फोटो, पदकाच्या दोन्ही बाजू आणि कड, डब्याचं झाकण, वजन. आणि हा संच एकत्रच मिळाला का, कुठून मिळाला. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच. 'नो क्लेम, नो रिटर्न' ही अट जपानी लिलावांत सर्रास असते, तेव्हा परत करण्याच्या भरवशावर बोली लावू नका. प्रॉक्सी सेवेकडून (तुमच्या वतीने बोली लावून माल पाठवणाऱ्यांकडून) घेत असाल तर त्यांचं कमिशन, जपानातली टपाल, परदेशी टपाल आणि इथली कस्टम ड्यूटी आधी जोडून मगच कमाल बोली ठरवा. पाकिटावर वस्तूचं वर्णन आणि किंमत खरी लिहायला सांगा. चांदीचं चिन्ह 'गिफ्ट' म्हणून पाठवलं आणि कस्टमने अडवलं तर सोडवताना नाकी नऊ येतात.

सावधान: भारतात आणाल, पण परत पाठवता येईल का? पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची. वस्तू भारतातच घडलेली असावी अशी अट या व्याख्येत नाही. आणि पुरावस्तूची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कोणालाही करता येत नाही. म्हणजे १९०६ चं पदक एकदा मुंबईत उतरलं की ते जपानी किंवा युरोपीय लिलावात पुन्हा विकायला पाठवणं हे साधं कुरिअरचं काम राहत नाही. पुण्या-मुंबईतले संग्राहक हे विकायची वेळ आल्यावर शोधून काढतात. पुढे विकायचा विचार असेल तर खरेदीआधीच पुरातत्त्व खात्याकडे किंवा जाणकार वकिलाकडे चौकशी करा. परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी वस्तू भारतातल्या घरी ठेवायला पाठवण्याआधी तर जरूरच करा.

## टप्पा ८: घरी आल्यावर

पहिलं काम सफाईचं नाही. चिंच, मीठ, रांगोळी, भांड्यांची पावडर, सिल्व्हर पॉलिश यातलं काहीही पदकाच्या जवळ नेऊ नका. काळपटपणा आणि झीज यावरूनच पुढचा माणूस खरं-खोटं ठरवणार आहे. घासून चकचकीत केलेलं चिन्ह संग्राहक कमी भावात मागतात. लाखेच्या डब्याला सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटका, एवढं पुरे.

सनद कधीही लॅमिनेट करू नका. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, ती इथे कागदाचा जीव घेते. सेलोटेप नको, घडी उलटी मोडून इस्त्रीने सपाट करणं नको. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं आणि आम्लरहित पुठ्ठा वापरा. वास येणारी पीव्हीसीची स्वस्त पाकिटं टाळा. घडी घातलेली सनद सपाट करायची असेल आणि कागद कडक झाला असेल तर ते काम कागद-संवर्धकाकडे द्या.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ओल हा मुख्य शत्रू. बंद डब्यात सिलिका जेल ठेवा, आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आत ठेवा आणि जेल गुलाबी किंवा हिरवं झालं की बदला. डांबरगोळ्या नकोत. विदर्भ-मराठवाड्यात उलट त्रास: उन्हाळ्यात लाख तडकते. तिथे डबे कूलरच्या थेट झोतापासून आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा, जेल कमी वापरा.

आता नोंद. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि सनद, पदक, फीत, डबा यांची चार वेगळी नोंद-ओळ करा. चौघांना मिळून एक ओळ देऊ नका. प्रत्येकासमोर कुठून आलं, कधी आलं, सोबत काय आलं, आणि तुम्ही काय जोडलं ते लिहा. विक्रेत्याचे फोटो, त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार, कस्टमची पावती सगळं त्याच क्रमांकाने साठवा. क्रमांक पेन्सिलने पाकिटावर लिहा, सनदेवर किंवा डब्याच्या तळाला चिकटपट्टी लावून नाही. मानकऱ्याचा पत्ता किंवा कुटुंबाचे तपशील सेवापुस्तिकेत असतील तर फोटो ऑनलाइन टाकताना ते झाका. त्याची नातवंडं हयात असू शकतात. आणि या यादीची एक छापील प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या, कारण तुमच्यामागे कपाट उघडणाऱ्याला कोणता कागद कोणत्या डब्याचा हे सांगणारं दुसरं काहीही तिथे नसेल.